घोडा पाहुण्याचा, हिशेब घरचा
(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापूस-ज्वारीवाल्यांच्या बैठकीत घोड्याचे काय काम, असे काहींना वाटेल. काम आहे. गावोगावची पोरे आम्हाला विचारू लागली आहेत, "दोन एकर मुरमाड पडून आहे. शहरातल्या लोकांचे घोडे सांभाळायला ठेवले, शिकवून दिले, तर जमेल का?" सारंगखेड्याच्या नाहीतर माळेगावच्या यात्रेत त्यांनी लाखालाखाचे घोडे पाहिलेले असतात. त्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडा, गाढव, खेचर आणि उंट घातले आणि ५० टक्के, जास्तीत जास्त ५० लाखांपर्यंत, भांडवली अनुदान जाहीर केले. अनुदानाचा वास आला की प्रकल्प अहवाल करून देणारे हजर होतातच. इमूचा फुगा २०१२ साली फुटला, कडकनाथ कोंबडीचा २०१९ साली फुटला. दोन्ही वेळा कागदावरचा हिशेब फार सुंदर होता. म्हणून आज घोड्याचा हिशेब आपणच मांडू.

पहिली गोष्ट. घोड्याचे धंदे तीन आहेत आणि दलाल ते मुद्दाम एकात कालवतात. एक, घोडी पाळून शिंगरे विकणे. दोन, दुसऱ्याचा घोडा राखोळीने सांभाळणे. तीन, दुसऱ्याचा घोडा फेरून, म्हणजे शिकवून देणे. मराठ्यांच्या फौजेत शिलेदार आणि बारगीर असे दोन प्रकारचे स्वार होते. शिलेदाराचा घोडा स्वतःचा. घोडा पडला की त्याची सगळी दौलत पडली. बारगिराच्या मांडीखालचा घोडा सरकारी. पैदाशीच्या धंद्यात तुम्ही शिलेदार असता. घोडी अकरा महिने पोटात वाढवते, शिंगरू तीन वर्षांचे झाल्यावर कामाचे होते, आणि तेवढ्या काळात एका पोटशुळाने सारे भांडवल जाऊ शकते. कोरडवाहू शेतकऱ्याने आधीच पावसावर पैसा लावलेला असतो. त्याला दुसरा जुगार परवडत नाही. म्हणून आज आम्ही बोलणार ते बारगिराच्या धंद्याबद्दल, राखोळी आणि शिकवणीबद्दल.

दुसरी गोष्ट, गिऱ्हाईक कोण? पशुगणनेत २०१२ साली देशात सव्वासहा लाख घोडे-तट्टे होती. २०१९ साली ती तीन लाख चाळीस हजारांवर आली. टांगा गेला, ओझ्याचे तट्टू गेले. मुंबईच्या व्हिक्टोरिया बंद करण्याचा आदेश उच्च न्यायालयाने २०१५ साली दिला. कामाचा घोडा संपत आला आणि उरला तो हौसेचा, वरातीचा आणि शर्यतीचा. हौसेला पैसा असतो, पण हौस फिटते. घोड्याची भूक मात्र फिटत नाही. मालकाने फोन उचलणे बंद केले तरी ठाणावरचा घोडा सकाळी तोबऱ्याकडे पाहून खिंकाळणारच. या धंद्याचा खरा धोका इथे आहे.

हौशी मालक आठवड्यातून एक-दोनदा बसायला येणार. तबेला शहरापासून पंधरा-वीस किलोमीटरच्या आत असेल तरच तो टिकतो. आपली बहुतेक गावे त्याहून लांब. लांबच्या गावाला दोन गोष्टी जमतात. एक शिकवणी, कारण घोडा तीन महिने सोडून मालक जाऊ शकतो. दुसरी, वरातीच्या घोड्याचा चातुर्मास. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत तो घोडा शहरात बसून खातो, आणि नेमके तेव्हाच आपल्या बांधांवर, पडीवर गवत असते. पण निंदणी आणि कापसाची पहिली वेचणीही त्याच महिन्यांत येते, हे विसरून चालणार नाही. घरची माणसे दोन्हीकडे पुरणार नाहीत.

आता चंदी-वैरण. आपल्या पोरांच्या मनात पहिले येते ते हे, की घरचा कडबा आहे, सरकीची ढेप आहे, घोडा त्यावर निघेल. शेतकीचे शिक्षण घेतलेला माणूस म्हणून आम्ही सांगतो, इथेच सर्वांत मोठी फसगत आहे. बैलाला चार कप्प्यांचे पोट असते आणि तो रवंथ करतो. घोड्याचे पोट एक आणि लहान, आणि त्याला ओकता येत नाही. चुकीचे पोटात गेले की ते आत अडते आणि शूळ उठतो. खुरटलेल्या हिरव्या ज्वारीची किराळ गुरांना लागते हे सगळ्यांना माहीत आहे. पण हिरवी ज्वारी किंवा सुदान गवत काही आठवडे सतत खाल्ले तर घोड्याला वेगळाच आजार होतो. मूत्राशय निकामी होते, मागचा भाग लुळा पडतो, आणि तो घोडा बहुधा सुधारत नाही. वाळलेल्या कडब्यात विष कमी, पण ती जाड ताटे घोड्याच्या पोटासाठी नाहीत. कडबा विका आणि गवत घ्या. सरकीतले गॉसिपॉल बैल बऱ्यापैकी पचवतो, घोडा तसे पचवत नाही. कोंबडीच्या खाद्यात मोनेन्सिन नावाचे औषध असू शकते. कोंबडीला ते चालते, घोड्याचे हृदय थोड्याशानेही बंद पडते. बुरशी लागलेला मका मेंदूवर जातो. या चार गोष्टी तबेल्याच्या दारावर खडूने लिहून ठेवा.

मग खायला काय? मारवेल-पवन्याचे वाळले गवत, थोडा लसूणघास, हरभऱ्याचा भरडा, जव किंवा ओट, गव्हाचा कोंडा, मीठ. आणि हरळी. जी हरळी आपण कुळवून, वेचून, शिव्या देऊन बांधावर फेकतो, तिला घोड्याच्या ठाणावर मान आहे. सुमारे ४०० किलोच्या घोड्याला दिवसाला नऊ-दहा किलो कोरडे खाद्य आणि तीस-चाळीस लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. मार्चनंतर ज्या गावाला टँकर येतो त्याने या ओळीपाशीच थांबावे.

आता दर काढू. पुढचे भाव आम्ही समजुतीसाठी धरले आहेत. तुम्ही तुमच्या बाजाराचे घाला.

वाळले गवत ६ किलो, १० रुपयांनी ६०. हिरवा लसूणघास ८ किलो, ४ रुपयांनी ३२. दाणा-कोंडा ३ किलो, सरासरी ४० रुपयांनी १२०. मीठ-खनिज ८, अंथरायला भुसा १५. नुसते पोट २३५ रुपये. चार घोड्यांमागे एक मोतद्दार, रोज ५०० रुपये, म्हणजे घोड्यामागे १२५. जंताचे औषध, लस १५. पाणी-वीज १०. चार ठाणांचा गोठा आणि फेरायचे कुंपण चार लाखांचे, दहा वर्षांची झीज आणि व्याज मिळून वर्षाला ६० हजार, म्हणजे घोड्यामागे रोज ४१. बेरीज ४२६ झाली.

इथे थांबू नका. चार ठाणे बाराही महिने भरलेली नसतात. तीनच भरली तरी मोतद्दार आणि गोठा चारांचाच असतो, त्याचे घोड्यामागे ५५ रुपये चढतात. झाले ४८१. आजारपण, बुडवे गिऱ्हाईक, तुमची स्वतःची देखरेख, यांचे दहा टक्के म्हणजे ४८. एकूण ५२९ रुपये रोज, महिन्याला १५ हजार ८७० रुपये. नाल आणि डॉक्टर मालकाकडे वेगळे.

आणि आपला पोरगा गिऱ्हाइकाला काय सांगतो? "द्या साहेब सात हजार." का? "गवत बांधावरचे आहे, जागा आपली आहे, लीद आई काढते, पाणी बायको देते." सात हजारात, भावांनो, दाणा-वैरण, मीठ आणि भुसासुद्धा निघत नाही. बांधावरच्या गवताला बाजारात भाव आहे. तेच गवत विकले असते तर पैसे आले असते. आईच्या कमरेला भाव नाही असे कोणी ठरवले? कापसाच्या भावात घरच्या माणसांच्या मेहनतीचे मोल पुरते मिळत नाही म्हणून आपण रस्त्यावर उतरतो, आणि आपला स्वतःचा दर ठरवायची वेळ आली की आपण तीच मेहनत शून्य धरतो! राखोळीचा दर ना सरकार ठरवते, ना बाजार समिती. तो तुम्ही ठरवायचा आहे. तिथेही तोट्याचा भाव लावला तर दोष कोणाला देणार?

शिकवणीचेही तसेच. चांगला चाबुकस्वार दिवसाला पाचच घोडे नीट फेरतो, एकेकाला अर्धा-पाऊण तास. त्याचा रोज हजार धरला तर घोड्यामागे २०० चढतात. नव्वद दिवसांच्या शिकवणीला राखोळीसह ६५ हजार ६१० रुपये पडतात. पहिले आठवडे फक्त विश्वास कमावण्यात जातात. खरारा, पाय उचलू देणे, दोरीवर गोल फिरवणे, मग खोगीर, मग तंग आवळणे, शेवटी पाठीवर माणूस. तीन वर्षांच्या आतल्या शिंगराच्या पाठीवर बसू नये. मालक म्हणेल, "महिन्यात रवाल चाल काढून द्या, नाचवून द्या." घाईचा रस्ता चाबकाचा आणि काटेरी लगामाचा असतो. काटे असलेला लगाम वापरण्यास १९६५ च्या नियमांनी बंदी आहे. आणि मार खाऊन शिकलेला घोडा नेमका वरातीच्या गर्दीत उधळतो. तेव्हा नाव तुमचे जाते.

आजारांपैकी दोनच सांगतो. पावसाळ्यानंतर गोमाशा वाढल्या की सर्रा येतो. ताप येतो-जातो, पाय-पोट सुजते, घोडा खंगतो. दुसरा ग्लँडर्स. तो माणसालाही होतो आणि जिवावर बेततो. २००९ च्या कायद्याखाली त्याची खबर द्यावीच लागते आणि बाधित घोड्याला दयामरण द्यावे लागते. म्हणून रक्त तपासल्याचा दाखला पाहिल्याशिवाय घोडा आवारात घेऊ नका, आणि नवा घोडा किमान तीन आठवडे वेगळ्या ठाणावर, वेगळ्या बादलीवर ठेवा. ठाण मुरमावर करा. काळ्या मातीच्या चिखलात खूर सडतात.

लिखापढीची आपल्याला लाज वाटते. लाजू नका. १८७२ च्या करार कायद्यात दुसऱ्याची वस्तू सांभाळण्यावर प्रकरणच आहे आणि त्यातली उदाहरणे घोड्याची आहेत. खोडकर घोडा आहे हे माहीत असून न सांगता दिला आणि माणूस पडला, तर देणारा जबाबदार, हे कलम १५०. एकाला बसायला दिलेल्या घोड्यावर त्याने घरच्या दुसऱ्याला बसवले, तो नीट चालवत असतानाही घोडा पडून जायबंदी झाला, तर भरपाई बसवणाऱ्याकडून, हे कलम १५४. म्हणजे पाहुण्याचा घोडा भाच्याच्या वरातीला न्यायचा नाही. कलम १७० प्रमाणे कसब-मेहनतीच्या मजुरीसाठी वस्तू अडकवून ठेवता येते. शिकवणीला ते लागू पडेल, नुसत्या खाण्याच्या खर्चावरून मात्र वाद होऊ शकतो. म्हणून कागदावर पाच गोष्टी घ्या. घोड्याच्या खोडी आणि खुणा. दोन महिन्यांची अनामत आणि दर महिन्याचे पैसे आगाऊ. रात्री शूळ उठला तर मालकाला न विचारता डॉक्टर बोलावण्याचा अधिकार, खर्च मालकाचा. घोडा मेला तर जबाबदारी कुठपर्यंत आणि विमा कोणाचा. पैसे थकले तर किती दिवसांनी काय करायचे.

शेवटचे, कराचे. बैल विकला तर जीएसटी नाही. जिवंत घोड्यावर २०१७ पासून १२ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. जनावरे वाढवण्याच्या सेवांना शेती म्हणून जी सूट आहे, तिच्यात "घोडे सोडून" असे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे कायद्याच्या लेखी हा धंदा शेतीत बसत नाही. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या पुढे गेली तर नोंदणी लागेल. वही पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा. पीककर्जाचा पैसा तबेल्यात घालू नका.

मग धंदा करावा की नाही? ज्याच्याकडे बारमाही पाणी आहे, घोड्याची जाण असलेला घरचा माणूस आहे, जनावरांचा डॉक्टर तासाभरात पोचतो आणि पहिले दोन गिऱ्हाईक आगाऊ पैसे द्यायला तयार आहेत, त्याने दोन ठाणांपासून सुरुवात करावी. वर्षभर वही लिहावी. अनुदान मिळते म्हणून वीस ठाणे बांधणाऱ्याला निम्मा पैसा सरकार देईल, पण उरलेला निम्मा बँकेचा असतो, आणि रिकाम्या ठाणाला हप्ता चुकत नाही.

ज्यांना हा विचार करायचा आहे त्यांनी पुढच्या बैठकीला येताना आपल्या बाजारातले गवताचे, हरभऱ्याचे आणि मजुरीचे भाव कागदावर लिहून आणावेत. मजुरीच्या रकान्यात घरच्या बायांचा रोजही लिहावा. आपण सगळे मिळून जिल्ह्याचा एक दर काढू आणि त्याखाली कोणीही घोडा उतरवून घ्यायचा नाही असे ठरवू. एकाने सात हजारात घेतला तर दुसऱ्याचे सोळा हजार कोणी देणार नाही.