खेळातला कचरा आणि दारातला कचरा

मोबाईलचे नाव काढले की आम्हां मास्तर मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. माझ्याही पडत. पण गेल्या मे महिन्यात बहिणीकडे गेलो असता भाचा ओसरीवर एक खेळ खेळत बसला होता, तो मी शेजारी बसून पाहिला. वरून एकेक वस्तू खाली येते : केळ्याची साल, दुधाची पिशवी, फुटका बल्ब. खाली तीन डबे. ओले हिरव्यात, सुके निळ्यात, घातक तांबड्यात. बरोबर पडले की दहा गुण, चुकले की डबा तोंड वाकडे करतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी घराघराला हेच तीन भाग सांगितले होते. नियम कोणी वाचले असतील ते असोत; पोराने खेळ दोन दिवसांत पाठ केला.

मी म्हटले, "आता घरातली टोपली अशीच निवड बघू." त्याने झटझट निवडली. मग सुक्याची पिशवी घेऊन आम्ही भंगारवाल्याकडे गेलो. त्याने रद्दी घेतली, पुठ्ठा घेतला, पत्र्याचा डबा नि पाण्याच्या बाटल्या घेतल्या. वेफर्सची चकचकीत पाकिटे मात्र परत हातात ठेवली. "हे कोण घेतंय, मास्तर?" भाचा रडकुंडीला आला. "मामा, खेळात तर याचे दहा मिळतात!"

भंगारवाल्याचे बरोबर होते. त्या पाकिटात प्लॅस्टिकचे थर असतात नि त्यांवर ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा. ते सुटे करणे परवडत नाही. तेच निव्वळ ॲल्युमिनियमचे भांडे वितळवले, तर खनिजापासून नवा धातू काढण्याच्या मानाने सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. काच कितीही वेळा वितळवा, काचच राहते. प्लॅस्टिकची प्रत दर खेपेस उतरते. खेळातल्या निळ्या डब्याला हा भेद ठाऊक नाही. डबा भरला की खेळ संपतो. खरा कारभार तिथून पुढे सुरू होतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, खेळ जरूर खेळू द्या. वर्गात चाळीस मुले आणि मोबाईल एकटा तुमचा, तर वस्तूंच्या चिठ्ठ्या करा, मैदानात फक्कीने तीन चौकोन आखा. पळापळीत मजा अधिकच येते. (खरी काच नि सुया मुलांच्या हाती देऊ नका.) मग एक दिवस भंगारवाल्याला वर्गात बोलवा. काय घेतो, काय नाकारतो, कशाला काय भाव देतो, ते त्याच्याच तोंडून ऐकू द्या.

आणखी एक सांगायचे आहे, ते जरा नाजूक आहे. एखाद्या मुलाची आई कचरा वेचत असेल. इतरांना जो खेळ, ते त्याच्या घरचे पोट. पुण्यात १९९३ साली या कष्टकऱ्यांनी संघटना उभारली, तिचे नावच 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'. हे नाव फळ्यावर लिहा. कोणी त्या मुलाला हसले, तर त्या दिवशीचा तुमचा पाठ फुकट गेला असे समजा.

भाच्याचा परवा फोन आला. ओसरीवर त्याने खडूने चौथा डबा आखला आहे, कोणीच न घेणाऱ्या वस्तूंचा. एकसष्ट पाकिटे साठली. बहीण म्हणते, चुलीत घाल. तो घालू देत नाही, धूर वाईट म्हणतो. आणि ती पाकिटे दुकानातून आणली कोणी, याचा हिशेब आता घरात चालू आहे. त्यात मामाच्या नावावर सात निघाली.