पावणेनऊ डोक्यांचा माणूस

महानायकाच्या चित्रकथेत नायकाचे नाव मुखपृष्ठावर ठसठशीत छापलेले असते आणि चित्रकाराचे आतल्या पानावर, एका बारीक ओळीत. १९८६ साली दिल्लीच्या राज कॉमिक्सने ‘नागराज’ वाचकांपुढे आणला. हिरव्या अंगाचा, मनगटातून साप सोडणारा हा नायक राजकुमार गुप्ता यांच्या कल्पनेतला, तर सुरुवातीचे कथालेखन परशुराम शर्मा यांचे. पण नागराज उभा कसा राहतो, वळतो कसा, त्याच्या छातीवरचे खवले उजेडात कसे दिसतात, हे ठरवले प्रताप मुळीक या मराठी चित्रकाराने. पुढे अनुपम सिन्हा यांनी तो नायक आपल्या पद्धतीने रंगवला, तरी नागराजचे मूळ रूप मुळीकांचेच राहिले.

नांदेड-लातूरच्या वाचकांपर्यंत नागराज हिंदीतून आला आणि त्याची अडचण कुणाला वाटली नाही. निजामाच्या राजवटीत पिढ्या काढलेल्या या मुलखाला हिंदी-उर्दू परकी नव्हती. मुलांना नागराजच्या शक्ती तोंडपाठ होत्या. त्याचे दंड आणि खांदे एका मराठी माणसाने घडवले आहेत, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक होते. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या जिल्ह्यांसाठीच्या, १९९४ साली स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या स्नातकांपुढे महानायकाच्या चित्रकाराची ही कारकीर्द ठेवायची ती एवढ्यासाठी, की तिच्यात कौशल्य आणि कष्ट भरपूर आहेत आणि नावाचा प्रश्न अजून सुटलेला नाही.

मुळीकांची सुरुवात महानायकापासून झाली नाही. अनंत पै यांनी १९६७ साली ‘अमर चित्र कथा’ सुरू केली, आणि मराठी चित्रकारांची एक अख्खी फळी तिच्यामागे उभी राहिली. राम वाईरकरांनी ‘कृष्ण’ चितारला. मुळीकांनी ‘शिवाजी’ची चित्रे काढली, त्या अंकाची संहिता ‘फास्टर फेणे’चे लेखक भा. रा. भागवत यांची होती. दिलीप कदम यांनी १९७९ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र चित्रांत मांडले. त्यानंतर ४२ भागांच्या महाभारताचा मोठा भार उचलला आणि मग राज कॉमिक्सच्या ‘भोकाल’ या नायकालाही रूप दिले. वेताळ हा परदेशी नायक इंद्रजाल कॉमिक्समधून १९६४ पासूनच इथे येत होता. त्याच्याकडून घेण्यासारखे होतेच, पण या चित्रकारांची खरी तालीम घोडा, ढाल, अंगरखा, तटबंदी आणि दरबार काढण्यात झाली. नागराज किंवा भोकाल यांची उभे राहण्याची ढब अमेरिकी नायकांपेक्षा वेगळी वाटते, ती या तालमीमुळे.

या कामाचा पाया म्हणजे शरीररचना. सर्वसाधारण माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साडेसात पट धरतात. स्टॅन ली आणि जॉन बुसेमा यांनी १९७८ च्या आपल्या प्रसिद्ध चित्रकला-पुस्तकात महानायकासाठी पावणेनऊ डोक्यांचे माप दिले. हे सव्वा डोके कुठेही चिकटवून चालत नाही. पाय लांबवावे लागतात, खांदे रुंदावावे लागतात, कंबर आवळावी लागते; आणि एवढे करूनही तो माणूसच दिसला पाहिजे. खरे शरीर ज्याने शेकडो वेळा काढले आहे, त्यालाच ही अतिशयोक्ती पेलते. ज्याने फक्त दुसऱ्यांचे नायक गिरवले, त्याचा नायक फुगवलेला दिसतो.

अभ्यासाची साधने मराठवाड्यात दाराशी आहेत. देगलूर तालुक्यातल्या होट्टलच्या चालुक्यकालीन मंदिरावरची शिल्पे आणि औसा तालुक्यातली खरोशाची लेणी वही घेऊन बसण्याच्या जागा आहेत. कंधारला राष्ट्रकूटकाळातल्या एका प्रचंड क्षेत्रपाल मूर्तीचे तुकडे आहेत. माणसाचे पाऊल त्याच्या उंचीच्या साधारण सहाव्या-सातव्या भागाइतके असते. दगडी अवशेष मोजून, अशा प्रमाणांवरून हरवलेला अख्खा देह कागदावर उभा करणे, यापेक्षा चांगला गृहपाठ महानायकाच्या चित्रकाराला कोणता देणार?

मग येते पानांची मोजदाद. अंक ३२ पानांचा आणि पानावर पाचच चौकटी धरल्या, तरी १६० चित्रे होतात. प्रत्येक चित्रात नायकाचा चेहरा तोच राहावा लागतो, मग तो पाठमोरा असो, छपरावरून उडी मारणारा असो की अंधारात उभा. आधी संहिता वाचून अंगठ्याएवढी कच्ची पाने काढतात, मग पेन्सिल, मग शाई, मग अक्षरे आणि रंग. संवादाच्या फुग्याची जागा पेन्सिलीच्या वेळीच राखली नाही, तर पुढे तो नायकाच्या तोंडावर बसतो. आज टॅबलेटवर शाई वाळायची वाट पाहावी लागत नाही, पण क्रम बदललेला नाही. छापील चित्रकथेचा बाजार आक्रसला असला (इंद्रजाल १९९० मध्ये बंद पडले), तरी हेच कौशल्य सिनेमाच्या स्टोरीबोर्डला, अॅनिमेशनला आणि गेमला लागते.

या वाटेवर पहिली गळती शाळेतच होते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा मुले उत्साहाने देतात, दहावीला वाढीव गुण पदरात पाडून घेतात आणि रंगपेटी माळ्यावर जाते. ज्या भागात ‘लातूर पॅटर्न’ने डॉक्टर-इंजिनिअर घडवण्याची शिस्त राज्याला दाखवली, तिथे चित्रकलेच्या वाट्याला त्या शिस्तीचा थोडाही अंश येऊ नये, ही खेदाची गोष्ट आहे. रोज ठरलेल्या वेळी बसणे, चूक शोधणे, पुन्हा काढणे, ही चित्रकाराचीही पद्धत आहे.

कारकिर्दीचा सर्वांत दुखरा भाग हक्कांचा. जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी १९३८ मध्ये सुपरमॅनचे सगळे हक्क प्रकाशन कंपनीला १३० डॉलरला देऊन टाकले. नायकाने अफाट पैसा मिळवला, निर्माते हलाखीत राहिले. १९७५ च्या अखेरीस, बराच गाजावाजा झाल्यावर, कंपनीने दोघांना वर्षाला प्रत्येकी २०,००० डॉलर आणि श्रेय कबूल केले. त्या १३० डॉलरच्या व्यवहाराचा जुना धनादेश २०१२ मध्ये लिलावात १,६०,००० डॉलरला विकला गेला.

भारतात १९५७ चा कॉपीराइट कायदा लागू आहे. कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर नोकरीत काढलेल्या चित्राची पहिली मालकी नोकरी देणाऱ्याकडे जाते. मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून केलेल्या रंगचित्राचेही तसेच. हक्क सोपवण्याचा व्यवहार कलम १९ नुसार लेखी आणि सहीनिशी व्हावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता, असे धरले जाते. हक्क विकल्यावरही आपली कृती आपली म्हणण्याचा अधिकार कलम ५७ चित्रकाराकडेच ठेवते.

विद्यापीठाच्या या चार जिल्ह्यांतल्या ज्या स्नातकाच्या हाती चित्रकथेचा पहिला करार येईल, त्याने किंवा तिने सही करण्यापूर्वी ही तीन कलमे वाचावीत आणि आपले नाव कोणत्या पानावर, केवढ्या अक्षरांत छापले जाणार, ते करारातच लिहून घ्यावे.