रिमोटची गाडी पावसाळ्यानंतर



पाऊस ओसरला की बोरिवली-मुलुंडच्या सोसायट्यांमध्ये माळ्यावरची रिमोटची गाडी खाली उतरते. मुलगी ट्रिगर दाबते आणि गाडी ढिम्म हलत नाही. घरातले लगेच म्हणतात, रेडिओ गेला, दुसरा आणू. हा निकाल ऐकला की मला खरोखर वाईट वाटतं. रेडिओचं सर्किट सहसा शाबूत असतं. बिघडलेली असते ती सेलची स्प्रिंग, एखादा कनेक्टर, नाहीतर वायरचा जोड. चार महिन्यांची दमट हवा तिथेच आपलं काम करून गेलेली असते.

म्हणून आधी रिमोटच्या सेलचं झाकण उघडा. आत विसरून राहिलेल्या अल्कलाइन सेलमधून पोटॅशियम हायड्रॉक्साइड पाझरतं आणि स्प्रिंगवर पांढरा थर धरतो. ते आम्लारी असल्यामुळे कापसाच्या बोळ्याने व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावला की त्याचा जोर जातो. डोळे सांभाळा, नंतर हात धुवा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून बारीक पॉलिश पेपर फिरवा. आतून काळी पडलेली वायर मात्र घासून सुधारत नाही, कारण गंज प्लास्टिकखाली सरकत जातो. तेवढा तुकडा कापून नवी वायर सोल्डर करा. असले सुटे भाग शोधायला ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर एक फेरी मारावी.

गाडी धावते, पण वळत नाही, असं झालं तर? गाडी खोक्यावर ठेवा, चाकं हवेत राहू द्या. गाडीतल्या रिसीव्हरमधली स्टिअरिंगच्या सर्व्होची आणि मोटरच्या स्पीड कंट्रोलरची जोडणी आपसात बदला. आता ट्रिगर दाबल्यावर सर्व्हो हलला, तर सर्व्हो चांगला आहे. दोष रिमोटच्या चाकाच्या पोटेन्शिओमीटरमध्ये किंवा रिसीव्हरच्या त्या चॅनेलमध्ये. सर्व्होला दर सेकंदाला साधारण ५० स्पंदनं मिळतात. स्पंदन दीड मिलिसेकंदाचं असेल तर चाकं सरळ, एक किंवा दोन मिलिसेकंदांचं असेल तर डावी-उजवीकडे. सर्व्हो जागच्या जागी थरथरत असेल, तर त्याच्या आतल्या पोटेन्शिओमीटरवर धूळ बसलेली असू शकते. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा पुष्कळदा पुरतो.

आता अँटेना. त्याची लांबी लहरीच्या लांबीवर ठरते. मालाडच्या मालवणीतून आकाशवाणीची मध्यम लहर निघते, ती शेकडो मीटर लांब. जुन्या रिमोटची २७ मेगाहर्ट्झची लहर ११ मीटरची, म्हणून त्याला ती ओढून लांब करायची काडी. त्या काळात दोघांचे क्रिस्टल एकाच फ्रिक्वेन्सीचे निघाले की एकाची गाडी दुसऱ्याच्या हुकमावर पळायची. आजच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर. रिसीव्हरच्या वायरीचं जे टोक जेमतेम ३१ मिलिमीटर उघडं असतं, तोच खरा अँटेना. वायर लांब वाटते म्हणून तो कापू नका, मोटरभोवती गुंडाळू नका, धातूच्या चासीला चिकटवू नका. नळीतून उभा ठेवा.

पाण्यापासून वाचवायला काही जण रिसीव्हर फुग्यात घालतात. गाडी चालवताना ते ठीक. पण घरी आल्यावर फुगा काढलाच पाहिजे, नाहीतर आत कोंडलेली वाफ सर्किटवर बसते. गाडी डबक्यात गेली, तर बॅटरी लगेच काढा, चिखल अल्कोहोलने धुवा आणि पंख्याखाली पूर्ण वाळू द्या. ठेवणीत टाकताना सेल बाहेर, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची पुडी.

दुरुस्ती झाल्यावर आधी रिमोट सुरू करा, मग गाडी. बंद करताना उलट क्रम. आणि एक तपासणी कधीच टाळू नका. चाकं हवेत ठेवून गाडी हळू चालवा आणि मुद्दाम रिमोट बंद करा. रिसीव्हरमध्ये फेलसेफ नीट लावलेला असेल, तर चाकं थांबतात. थांबली नाहीत, तर ती गाडी कंपाउंडमध्ये नेऊ नका. संध्याकाळी तिथे लहान मुलं खेळत असतात.