काळ्या दाण्याचा मान



आज मी तुम्हाला एक पाककृती सांगणार आहे. सोपी आहे, चूल फार वेळ अडवत नाही, आणि ताटात अशी देखणी दिसते की पाहुणा पहिला घास घेण्याआधीच विचारतो, "हे काय केलंय?" पण ती सांगण्याआधी थोडं लांब जाऊ या, अगदी कॅस्पियन समुद्रापर्यंत. कारण या पदार्थाचं मूळ रूप तिकडचं आहे. त्याचं नाव कॅव्हिअर.

कॅव्हिअर म्हणजे स्टर्जन नावाच्या माशाची मीठ लावलेली अंडी. मोहरीहून थोडी मोठी, काळी किंवा करडी, तकतकीत. आपल्या कोकणातल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. रावस, सुरमई, पापलेट यांची गाभोळी तिकडे हळद-तिखट लावून, रव्यात घोळवून तळतात आणि घरातल्या लाडक्या माणसाच्या ताटात वाढतात. आपल्या वऱ्हाडातही तलावातला रोहू किंवा कतला कापला आणि आत अंडी निघाली, की ती वेगळी काढून ठेवतात. फरक एवढाच की आपण गाभोळी शिजवतो, आणि कॅव्हिअर कच्चंच, नुसत्या मिठावर मुरवलेलं असतं.

परदेशात सणासुदीला, मेजवानीला त्याचं एक तोंडीलावणं करतात. पसरट ताटलीत आंबट साय किंवा मऊ चीज पसरायचं, त्यावर उकडलेलं अंडं बारीक करून, त्यावर चिरलेला कांदा, आणि सगळ्यांत वर काळ्या दाण्यांचा थर. बाजूला पातळ कुरकुरीत पावाचे तुकडे. पाहुण्यांनी उभ्या उभ्या गप्पा मारत खायचं. करायला दहा मिनिटं लागतात. पण अस्सल कॅव्हिअरचा किलोचा भाव लाखांत असतो, म्हणून तो वरचा थर मोजून चमच्यानं लावतात.

आता यातली गंमत पाहा. हा पदार्थ पहिल्यापासून असा राजेशाही नव्हता. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या डेलावेअर नदीत स्टर्जन मासे इतके होते, की तिथल्या दारूच्या गुत्त्यांत त्यांची खारवलेली अंडी गिऱ्हाइकांपुढे फुकट ठेवत, असं सांगतात. आपल्याकडे खारे दाणे ठेवतात तसे. खारट खाल्लं की तहान लागते, हा त्यामागचा हिशेब. पुढे मासे बेसुमार मारले गेले आणि त्या नदीतला धंदाच बसला. मग सगळी भिस्त कॅस्पियन समुद्रावर आली. तिथेही तेच झालं.

स्टर्जन हा फार सावकाश वाढणारा मासा आहे. त्यातली बेलुगा नावाची जात शंभर वर्षांपर्यंत जगू शकते, आणि तिची मादी अंडी घालण्याजोगी व्हायलाच पंधरा-वीस वर्षं लागतात. जुन्या पद्धतीत अंडी काढायची म्हणजे मादी मारायची. एका डब्यासाठी वीस वर्षांची आई जाते आणि तिच्या पोटातली पुढची पिढीही जाते. 1998 सालापासून स्टर्जनच्या सगळ्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रणाखाली आल्या. तरी 2022 साली निसर्ग संवर्धनाच्या जागतिक संघटनेनं जी यादी काढली, तिच्यात उरलेल्या सर्व 26 जाती धोक्यात असल्याचं नोंदवलं गेलं. आज बाजारातलं बहुतेक कॅव्हिअर तळ्यांत, टाक्यांत पाळलेल्या माशांचं असतं, आणि त्यात चीन सर्वांत पुढे आहे.

म्हणजे क्रम असा झाला. होतं तेव्हा फुकट वाटलं. संपत आलं तेव्हा भारी झालं. हा क्रम लक्षात ठेवा, मी पुन्हा त्याच्याकडे येणार आहे.

मी राहते सेमाडोहला. परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, चिखलदरा तालुक्यातलं, मेळघाटच्या जंगलातलं हे गाव. 1973 साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होतं. गावाजवळून सिपना नदी वाहते. कोरकू भाषेत सिपना म्हणजे सागवान. पावसाळ्यात नदीला पाणी चढलं, की मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट वर सरकतात. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत नदीतून मासा काढायला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. समुद्रावरही पावसाळ्यात यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद ठेवतात, ती याच कारणानं. पोटात अंडी असलेल्या माशाला त्याचं काम उरकू द्यावं.

पण आमच्याकडे पाहुणे मात्र येतात. दिवाळीनंतर थंडीत जंगल पाहायला येतात, होळीला येतात. मेळघाटातली होळी एका दिवसाची नसते, पाच दिवस चालते. पाहुणा आला की त्याच्यापुढे काय ठेवायचं हा प्रश्न शहरात हलवायाच्या दुकानात सुटतो. इथे तो घरात आणि आसपास जे असेल त्यातूनच सोडवावा लागतो. आमच्याजवळ काय आहे? गवळ्यांकडचं म्हशीचं दाट दूध आहे. त्याचा खवा, त्याची रबडी रस्त्यानं जाणारे मुद्दाम थांबून घेतात. ज्वारी आहे. आणि काळे दाणे आहेत. माशाचे नव्हेत, कारळ्याचे.

कारळे म्हणजेच खुरासणी. मध्य प्रदेशाच्या बाजूला याला रामतीळ किंवा जगनी म्हणतात. कलौंजी आणि कारळे यांत गल्लत करू नका. कलौंजीचा दाणा तिकोनी आणि निस्तेज असतो. कारळ्याचा दाणा लांबट, बारीक आणि चकचकीत असतो. चिमूटभर पांढऱ्या दह्यावर टाकून पाहा, मी कॅव्हिअरची आठवण का काढली ते कळेल.

वही-पेन्सिल जवळ असेल तर लिहून घ्या. आठ-दहा माणसांचं प्रमाण सांगते.

एक लिटर म्हशीच्या दुधाचं दही स्वच्छ पंचात बांधून चार-पाच तास टांगून ठेवा. रात्री टांगलं तरी चालेल, पण थंडीतच. उन्हाळ्यात ते आंबट होतं. साधारण दोन वाट्या चक्का निघेल. त्यात चवीपुरतं मीठ आणि किंचित साखर घालून हातानं फेटा. श्रीखंडासारखं गाळायची गरज नाही.

सहा मोठे चमचे कारळे घ्या. यात खडा-माती असते, म्हणून चाळून, धुऊन, कापडावर पूर्ण वाळवून घ्या. लोखंडी कढईत मंद आचेवर भाजा. आता इथे एक अडचण आहे. शेंगदाणा किंवा तीळ भाजला की रंग बदलतो. कारळा आधीच काळा. तो भाजला की करपला हे डोळ्यांना कळत नाही. ते कानानं आणि नाकानं ओळखायचं. दाणे तडतडायला लागले, की कान द्या. तडतड दाट होते आणि मग विरळ व्हायला लागते. त्याच वेळी खमंग तेलकट वास येतो. तो क्षण आला की कढई उतरवा आणि दाणे लगेच ताटात पसरा, कारण गरम लोखंडात ते भाजतच राहतात. कडवटपणा येतो तो याच वेळी.

गार झाल्यावर त्यांचे दोन भाग करा. एक भाग खलबत्त्यात पाच-सहा लसूण पाकळ्या, दोन सुक्या लाल मिरच्या आणि मीठ घालून भरड कुटा. मिक्सर वापरायचा तर एक-दोनदाच फिरवा. कारळ्यात तेल भरपूर असतं, दाण्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. जास्त फिरवलं की लगदा होतो. दुसरा भाग अख्खाच ठेवा.

एक मध्यम कांदा अगदी बारीक चिरा, मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून घट्ट पिळून घ्या. त्याचा उग्रपणा जातो. अंडी खाणारं घर असेल तर दोन अंडी पूर्ण उकडून किसून घ्या. खात नसाल तर त्याऐवजी मूठभर उकडलेला, कुस्करलेला बटाटा घाला.

आता मांडणी. पसरट ताटलीत आधी कुटलेल्या चटणीचा पातळ थर द्या. तो पाहुण्याला दिसणार नाही, घास घेतल्यावर कळेल. त्यावर चक्का, कडेपर्यंत सारखा. त्यावर अंडं किंवा बटाटा, त्यावर पिळलेला कांदा, आणि सगळ्यांत वर अख्खे कारळे. हा शेवटचा थर पाहुणे पाटावर, म्हणजे आता खुर्चीवर, बसल्यावरच घाला. आधी घातला तर दाणे ओल धरतात आणि त्यांचा कुरकुरीतपणा जातो. वरून लिंबाचे चार थेंब आणि कोथिंबिरीची दोन-चार पानं.

सोबत काय द्यायचं? ज्वारीची भाकरी पातळ थापून, भाजून, तव्यावरच मंद आचेवर कडक करा आणि तिचे तुकडे मोडा. ज्वारीचे पापड, बिबडे तळलेले किंवा भाजलेले चालतील. थंडीत मुळ्याच्या, उन्हाळ्यात काकडीच्या चकत्या. कॅव्हिअरला चांदीचा चमचा लावत नाहीत, धातूनं चव बिघडते म्हणतात. त्यासाठी शिंपल्याचे चमचे वापरतात. आमच्याकडे पळसाच्या पानांचे द्रोण आहेत आणि भाकरीचा तुकडा हाच चमचा आहे.

श्रोतेहो, कृती संपली. पण हा दाणा मी पाहुण्यांपुढे मुद्दाम का मांडते, ते सांगायचं राहिलं आहे.

कारळे हे मूळचं इथिओपियाचं पीक. तिकडे त्याला नूग म्हणतात. आपल्याकडे ते डोंगरउताराच्या हलक्या, मुरमाड जमिनीत, नुसत्या पावसावर येतं. जनावरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून वावराच्या बांधाकडेनंही ते पेरतात. पावसाळा सरताना शेत पिवळ्या फुलांनी भरून जातं. या फुलाचं एक वैशिष्ट्य आहे. त्याच झाडाच्या परागानं त्यात सहसा दाणा भरत नाही. दुसऱ्या झाडाचा पराग आणावा लागतो, आणि तो आणतात मधमाश्या. म्हणजे कारळ्याला माशी हवी आणि माशीला कारळं हवं. एक गेलं की दुसऱ्याचं अडतं.

आणि हे पीक जातं आहे. डोंगरातली वावरं पूर्वी कुटकी, कोदो, सावा, कारळं अशी मिश्र असत. आता बहुतेक ठिकाणी सोयाबीन आहे. शेतकऱ्याला मी दोष देणार नाही, त्याचा हिशेब साधा आहे. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्र सरकारनं कारळ्याचा हमीभाव क्विंटलला 9,537 रुपये जाहीर केला आणि सोयाबीनचा 5,328. भाव कारळ्याला जास्त. पण कारळं हेक्टरी तीन-साडेतीन क्विंटलच्या आसपास होतं, सोयाबीन त्याच्या तिप्पट तरी येतं. शिवाय सोयाबीन घ्यायला व्यापारी दारात उभा असतो. कारळ्याचं पोतं घेऊन बाजारभर फिरावं लागतं.

दुसरंही एक कारण आहे, आणि त्याचा संबंध तुमच्या-माझ्या स्वयंपाकघराशी आहे. कारळ्याची चटणी आपण रोज भाकरीवर खाऊ, पण पाहुणा आला की डबा आत सरकवू. बाहेर येईल ते दुकानातलं फरसाण. माझ्या शेजारच्या एका कोरकू आजींना मी पहिल्यांदा ही ताटली दाखवली, तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, "बाई, हे तं घरचं खानं आहे. पाव्हन्याले काऊन देता?" त्यांना वाटलं, माझ्या घरातलं बाकीचं संपलं असावं.

याच कारळ्याला अमेरिकेत मोठी मागणी आहे, हे त्यांना सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वास बसला नाही. भारतातून तिकडे कारळे जातात. त्यात अमरवेलीचं बी असेल तर ते रुजू नये म्हणून तापवून मग विकतात. आणि तिकडचे लोक ते स्वतः खात नाहीत. अंगणात टांगलेल्या नळकांड्यांत भरून गोल्डफिंच नावाच्या पिवळ्या पाखरांना घालतात. म्हणजे तिथेही हा दाणा पाहुण्यांसाठीच आहे, फक्त पाहुणे पंखांचे आहेत.

मघाशी कॅव्हिअरचा जो क्रम सांगितला, तो इथे आठवा. होतं तेव्हा फुकट वाटलं, संपत आलं तेव्हा भारी झालं. कारळ्याच्या बाबतीत आपण पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याच्या मध्ये उभे आहोत. उद्या शहरातल्या एखाद्या दुकानात हाच दाणा छोट्या काचेच्या बरणीत, मोठ्या किमतीला विकायला येईल. तेव्हा आपण त्याला मान देऊ. पण तोवर डोंगरातल्या किती वावरांत त्याचं बियाणं उरलेलं असेल? स्टर्जनची मादी पुन्हा उभी करायला वीस वर्षं लागतात. कारळं चार महिन्यांत येतं. आपली बाजू खरं तर सोपी आहे, फक्त कोणीतरी ते विकत घ्यायला हवं.

या आठवड्याच्या बाजारात पाव किलो कारळे मागून पाहा. किराणा दुकानातल्या पुडीपेक्षा खाली पोतं मांडून बसलेल्या बाईकडे असतील तर तिच्याकडून घ्या. कोणत्या गावचे आहेत, विचारा. पुढच्या वर्षी पेरणार का, तेही विचारा. विचारणारं गिऱ्हाईक आहे हे कळलं, तर एखादा उतार पुन्हा पिवळा होईल.

आणि भाजताना कान तेवढा कढईकडे असू द्या.