परिचारिका व्हावयाचे, पण कोणत्या वाटेने?
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



विद्यार्थी व पालक यांना उपयोगी पडेल असे काही बोलावे, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. दरसाल या व्यासपीठावर आपण डॉक्टर आणि इंजिनिअर झालेल्या मुलामुलींचा गौरव करतो. तो यथायोग्यच आहे. परंतु बारावी होताच घरच्या अडचणीमुळे एखाद्या दवाखान्यात कामाला लागणाऱ्या आपल्या मुलींचे नाव येथे कधी उच्चारले जात नाही. आज आम्ही त्यांच्याविषयीच बोलणार आहोत.

रुग्णसेवा हा कमीपणाचा व्यवसाय, रात्रपाळी करणाऱ्या मुलीचे लग्न जमावयाचे नाही, अशी बोलणी आम्ही लहानपणी याच ज्ञातीत ऐकली आहेत. ज्या भूमीत सावित्रीबाई फुले १८९७ साली प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना स्वतः त्याच रोगाने गेल्या, आणि जेथे रमाबाई रानडे यांच्या पुण्यातील सेवासदनाने अनेक विधवा व निराधार स्त्रियांना या शिक्षणाचा मार्ग दाखविला, तेथे असे बोलले जावे हे लाजिरवाणे होते. सुदैवाने तो समज आता बहुतांशी मावळला आहे. आजची अडचण निराळी आहे. मुली या कामात शिरतात, पण दाराने न शिरता खिडकीतून शिरतात. आणि पुष्कळदा ती खिडकी आपणच त्यांना दाखविलेली असते.

येथे आम्हांला आमच्याच एका चुकीची कबुली दिली पाहिजे. आमची एक विद्यार्थिनी २०१२ साली कला शाखेतून बारावी झाली. वडिलांचे छत्र नाही, धाकटा भाऊ शाळेत. ती आईला घेऊन आमच्याकडे आली व म्हणाली, “गुरुजी, मला नर्स व्हायचे आहे, पण कमावलेही पाहिजे.” तालुक्याच्या गावी एक खाजगी वर्ग सहा महिन्यांत प्रमाणपत्र देई व लगेच कामही मिळवून देई. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. या विषयातले आम्हांला काय कळणार? तरीही ‘गुरुजी’ या नावाच्या भरवशावर आम्ही छातीठोकपणे सल्ला दिला की, हाच मार्ग उत्तम. तिने तो मानला.

पुढे पाच-सहा वर्षे ती एका खाजगी दवाखान्यात राबली. पांढरा पोशाख, लोकांच्या तोंडी ‘सिस्टर’ ही हाक, आणि महिन्याकाठी सहा हजार रुपये. २०१८ साली सरकारी भरतीची जाहिरात आली. ती कागदपत्रे घेऊन गेली, आणि तेथे तिला एकच प्रश्न विचारण्यात आला, “तुमचा नोंदणी क्रमांक?” तो नव्हता. त्या दिवशी सायंकाळी ती आमच्या ओसरीवर येऊन बसली. रागावली नाही. एवढेच म्हणाली, “गुरुजी, इतकी वर्षे मी जे करत होते, ते कोणत्याच वहीत लिहिलेले नाही का?” आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्यानंतर आम्ही या विषयाची जी चौकशी केली, तिचे सार आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

पहिली गोष्ट अशी की, ‘नोंदणीकृत परिचारिका’ ही कायद्याने ठरविलेली संज्ञा आहे. १९४७ च्या कायद्यान्वये भारतीय परिचर्या परिषद निर्माण झाली व देशभर शिक्षणाचा दर्जा एकसारखा राहावा हे काम तिच्याकडे आले. आपल्या राज्यात १९६६ चा महाराष्ट्र परिचारिका अधिनियम आहे. नोंदवही राज्याची परिचर्या परिषद ठेवते. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा नवा कायदा संमत केला. तो १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी केलेला आहे. संस्थांची नावे बदलतील, पण तत्त्व बदलणार नाही: मान्य अभ्यासक्रम, मान्य परीक्षा, आणि नोंदवहीत नाव. या तिहींवाचून केलेली सेवा माणुसकीच्या दृष्टीने कितीही थोर असली, तरी कायद्याच्या दृष्टीने ती परिचारिकेची सेवा नव्हे.

आता मान्य वाटा कोणत्या ते पाहू. पहिली ए. एन. एम. ही २ वर्षांची व केवळ स्त्रियांसाठी असून बारावी कोणत्याही शाखेची चालते. हिच्या शेवटी साहाय्यक परिचारिका म्हणून नोंदणी होते. उपकेंद्रावर लसीकरण व माता-बालकांची काळजी घेणाऱ्या भगिनी याच वाटेने आलेल्या असतात. दुसरी जी. एन. एम. ही ३ वर्षांची पदविका. हिलाही कोणत्याही शाखेची बारावी चालते, मात्र एकंदरीत व इंग्रजीत ४० टक्के गुण हवेत. तिसरी बी. एस्सी. नर्सिंग ही ४ वर्षांची पदवी. तिला बारावीस भौतिक, रसायन व जीवशास्त्र हे विषय व त्यांत खुल्या वर्गास ४५ टक्के गुण लागतात, आणि आपल्या राज्यात सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. संपूर्ण परिचारिकेची नोंदणी या दुसऱ्या व तिसऱ्या वाटेनेच मिळते, व त्या दोन्ही मुलांनाही खुल्या आहेत.

कोणी विचारील, नोकरी सांभाळून यांपैकी काय करता येईल? याचे उत्तर कटू आहे, परंतु ते स्पष्ट सांगणे हे आमचे कर्तव्य आहे. पहिली नोंदणी मिळेपर्यंत नोकरी व शिक्षण एकत्र चालत नाही. हे तिन्ही अभ्यासक्रम पूर्ण वेळेचे आहेत. परीक्षेस बसण्यासाठी ८० टक्के उपस्थिती लागते, आणि रुग्णालयातील प्रात्यक्षिकाची उपस्थिती तर प्रमाणपत्र हाती पडण्यापूर्वी पूर्ण शंभर टक्के भरावी लागते. रोग्याच्या शिरेत सुई घालणे टपालाने शिकविता येत नाही. म्हणून ‘घरबसल्या जी. एन. एम.’, ‘रविवारच्या वर्गात नर्सिंग’ अशा जाहिराती दिसल्या की पालकांनी तेथूनच मागे फिरावे. ज्या संस्थेत मुलीला घालावयाचे तिला तीन प्रश्न विचारावेत: परीक्षा कोण घेते? नोंदणी कोणत्या परिषदेत होते? प्रात्यक्षिक कोणत्या रुग्णालयात? आणि मिळालेली उत्तरे परिषदेच्या प्रसिद्ध यादीशी ताडून पाहावीत.

परदेशी असलेले आपले काही आप्त सांगतात की, अमेरिकेत अर्धवेळ काम करून लोक परिचारिका होतात. ते खरे आहे. तेथे २ वर्षांची असोसिएट पदवी किंवा ४ वर्षांची पदवी घेऊन एनक्लेक्स ही परवाना-परीक्षा देता येते, आणि व्यावहारिक परिचारिकांना वर चढण्यासाठी जोड-अभ्यासक्रमही आहेत. परंतु तेथील सोय येथे गृहीत धरून मुलीचे वय वाया घालवू नये.

मात्र नोंदणी झाली की आपल्याकडेही नोकरीतून वर जाण्याची शिडी लागते, आणि हा भाग आशेचा आहे. जी. एन. एम.च्या प्रवेशास सामान्यतः ३५ वर्षांची मर्यादा आहे. परंतु नोंदणीकृत ए. एन. एम. भगिनींना ती लागू नाही. म्हणजे चाळिशीतली आरोग्यसेविकाही पुढे शिकू शकते. तिने रजेचा प्रश्न आपल्या कार्यालयात आधी सोडवून घ्यावा, इतकेच. जी. एन. एम. झालेल्यांसाठी २ वर्षांची पोस्ट बेसिक बी. एस्सी. आहे. आणि ज्यांना नोकरी सोडणे शक्यच नाही, अशा नोंदणीकृत व २ वर्षांचा अनुभव असलेल्या परिचारिकांसाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने ३ वर्षांची हीच पदवी दूरशिक्षणाने देण्याची योजना आखलेली आहे. प्रवेश त्या त्या वर्षी निघाला आहे किंवा कसे, हे विद्यापीठाकडून समजून घ्यावे.

तेव्हा निवड कशी करावी? विज्ञान शाखेतून नुकतीच बारावी झालेली, घरची चार वर्षांची तयारी असलेली मुलगी असेल, तर तिने सरळ पदवीस जावे. कला वा वाणिज्य शाखेची असेल, तर जी. एन. एम. हीच तिची खरी वाट. कुटुंबाला तीन वर्षे कळ काढणे अशक्यच असेल, तर ए. एन. एम. करून सेवेत लागावे व तेथून पुढची पायरी चढावी. ही वाट लांबची आहे, परंतु खोटी नाही. सहा महिन्यांची वाट जवळची दिसते, आणि ती कोठेच जात नाही.

आमच्या विद्यार्थिनीचे पुढे काय झाले, हे ऐकण्याची आपणांस उत्सुकता असेल. २०१८ सालीच, वयाच्या २४ व्या वर्षी, तिने जी. एन. एम.ला नाव घातले. दवाखान्याची नोकरी सोडावी लागली. भावाने महाविद्यालय सांभाळून दुकानात काम धरले, आईने खानावळीच्या पोळ्या लाटल्या. मधली दोन वर्षे करोनाच्या साथीत गेली. आज तिचे नाव नोंदवहीत आहे व ती पदवीच्या तयारीस लागली आहे. तिची जी वर्षे आमच्या सल्ल्याने गेली, ती मात्र आम्ही परत देऊ शकत नाही.

येथे आम्हांला मंडळाच्या कारभाराविषयी एक गोष्ट नम्रपणे निवेदन करावयाची आहे. त्या वेळी तिने आपल्या शिष्यवृत्ती निधीकडे अर्ज केला होता. तो नामंजूर झाला. कारण, नियमाप्रमाणे अर्जदाराचे शिक्षण अखंड असावे लागते, आणि तिच्या शिक्षणात सहा वर्षांचा खंड होता. नियम करणाऱ्या वडीलधाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पैसा हौशी विद्यार्थ्यांवर उधळला जाऊ नये, एवढेच त्यांना अभिप्रेत होते. परंतु खंड कोणाच्या शिक्षणात पडतो? ज्याच्या घरी चूल पेटविण्याची विवंचना आहे, त्याच्याच ना? मग ज्यांच्यासाठी निधी उभारला, नेमके त्यांनाच हा नियम बाहेर ठेवतो.

म्हणून आमची सूचना अशी की, मान्य नर्सिंग अभ्यासक्रमासाठी नोकरी सोडून येणाऱ्या मुलामुलींपुरती खंडाची व वयाची अट शिथिल करावी, व ही मदत एकरकमी न देता तीन वर्षे दरमहा द्यावी. शुल्काची तजवीज कर्जाने वा सरकारी सवलतीने होऊ शकते. बुडालेल्या पगाराची होत नाही, आणि मुली तेथेच माघार घेतात. नोंदणी होऊन नोकरी लागल्यावर त्यांनी आपल्यासारख्याच दुसऱ्या एकीस हात द्यावा, एवढीच अट असावी. या कामासाठी आमच्या निवृत्तिवेतनातून एका विद्यार्थिनीचा एका वर्षाचा भार आम्ही उचलीत आहोत. यात दानशूरपणा काही नाही. एक जुने देणे आहे, ते फेडीत आहोत.

पालकांना शेवटची विनंती. मुलीने वाट विचारली असता, ठाऊक नसल्यास ‘ठाऊक नाही, चौकशी करून सांगतो’ असे म्हणण्याचा संकोच करू नये. आम्ही तो केला, आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली.