चावीवाले आणि सात जलाशय

मुंबईत नळाला पाणी येण्याची प्रत्येक वस्तीची वेळ ठरलेली. ती पाळतात महापालिकेचे चावीवाले. एका विभागाची झडप उघडायची, दुसऱ्याची बंद करायची, हे काम रात्रंदिवस चालतं. नगरसेवकांचे फलक चौकाचौकांत दिसतात. चावीवाल्याचा फलक कुणी पाहिलाय?

पाणी येतं सात जलाशयांतून. विहार १८६० सालचा, तुळशी १८७९चा. हे दोन मुंबईतच. तानसा, भातसा, मोडकसागर, मध्य आणि अप्पर वैतरणा मात्र दूर ठाणे, पालघर, नाशिकच्या डोंगरांत. सातांची मिळून साठवण सुमारे साडेचौदा लाख दशलक्ष लिटर. पावसाळा सरला की १ ऑक्टोबरचा साठा पाहायचा आणि तो पुढच्या पावसापर्यंत पुरवायचा, हा पालिकेचा हिशेब. तूट असली तर कपात.

आणि ठाणे जिल्ह्यातल्या ज्या शहापूर तालुक्यातून यातलं बरंचसं पाणी मुंबईला निघतं, तिथल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतो. ही विसंगती खटकणारीच आहे.

म्हणून मुंबईकरांनो, रस्त्यात जलवाहिनी फुटलेली दिसली, तर तसेच पुढे जाऊ नका. पालिकेच्या १९१६ या क्रमांकावर लगेच कळवा.