फरशीची जाडी

(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



चार माणसांसमोर उभे राहून बोलण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. "घर बांधलेत ना, त्यातलेच काही सांगा," असे चिटणीसबाई म्हणाल्या, म्हणून फरशीबद्दल सांगते.

आम्ही 2019 साली घर बांधले. फरशी निवडायला मीच गेले होते. दुकानात गेल्यावर आपण काय पाहतो? रंग, चकाकी आणि भाव. बाहेरच्या खोलीला मी पांढुरकी टाइल पसंत केली. स्वयंपाकघराला मात्र सासूबाईंना दगडच हवा होता. त्यांचा सारा जन्म शहाबादी फरशीवर गेलेला, खाली बसून भाजी निवडायची सवय. शेवटी कोटा ठरला. (जाता जाता सांगते, शहाबादी काय आणि कोटा काय, दोन्ही चुनखडीचे दगड. लिंबाचा रस सांडला तर लगेच पुसावा, आणि संडास धुवायचे अ‍ॅसिड त्यावर कधीही घालू नये. डाग पडतो तो जात नाही.)

रंग पाहिले, पण जाडी पाहिली नाही. टाइल होती 10 मिलिमीटर आणि कोटा 25. गवंड्यांनी दोन्हीकडे खाली मसाला घातला तो सारखाच, 40 मिलिमीटर. झाले! बाहेरची खोली 50 ला थांबली आणि स्वयंपाकघर 65 ला. मधल्या दारात 15 मिलिमीटरची पायरी उभी राहिली. गवंड्यांच्या भाषेत पाच सूत. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मी म्हटले, "मिस्त्री, हे वर का आले?" ते म्हणाले, "बाई, दगड जाड असतोच. एवढ्यानं काय होतंय?" ह्यांनीही तेच म्हटले. मीही गप्प बसले. आधीच खर्च हाताबाहेर गेला होता.

उंबरठा असता तर बरे झाले असते, असे आता वाटते. उंबरठा डोळ्यांना दिसतो, पाऊल आपोआप उचलते. अर्ध्या इंचाची पायरी दिसत नाही. गृहप्रवेशाला महिना झाला नव्हता. सासूबाई चहाची कपबशी घेऊन आत निघाल्या, अंगठा कडेला अडकला आणि त्या हातावर पडल्या. मनगट मोडले. सहा आठवडे प्लॅस्टर होते. त्यांनी मला एका शब्दाने बोलून दाखवले नाही. उलट येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "माझंच लक्ष नव्हतं." ते ऐकताना मला मान वर करवत नसे.

मग ओट्यापर्यंतचा कोटा उखडला. काही फरश्या फुटल्या, त्या नव्या आणाव्या लागल्या. आता दगडाखाली मसाला 25 च घातला. 25 आणि 25, पन्नास. बाहेर 10 आणि 40, पन्नास. इतका सोपा हिशेब! तो कागदावर आधी मांडला असता तर?

तेव्हा ज्यांचे घर व्हायचे आहे त्यांनी प्रत्येक खोलीत काय बसणार ते पहिली फरशी बसण्यापूर्वी ठरवावे आणि सर्वांत जाड कोणती ते पाहावे. वरची पातळी एकच धरायची आणि कमीजास्त करायचे ते खालच्या मसाल्यात. मिस्त्रींकडून पाण्याच्या नळीने भिंतींवर त्या पातळीची खूण सगळ्या खोल्यांत करून घ्यावी. हल्ली पुड्यातला चिकट मसाला लावून टाइल बसवतात. त्याचा थर फार पातळ, त्यामुळे खालचा कोबा आधीच सपाट आणि योग्य उंचीचा लागतो. कोटा बसल्यावर मशिनने घासतात, त्यात थोडी जाडी जाते, तेही मिस्त्रींना विचारून ठेवावे.

न्हाणीघर मात्र मुद्दाम अर्धा-पाऊण इंच खाली हवे, नाहीतर पाणी खोलीत येते. जाळीकडे फुटाला एक सूत उतार पुरतो.

दारांचेही तसेच. आमच्या एका दाराखाली पायपुसणे सरकत नव्हते. सुताराला पुन्हा बोलावून दार खालून रंधून घेतले. सतरंजी किंवा गालिचा पसरणार असाल तर त्याची जाडी सुताराला आधीच सांगा.

आता आमचे दार सपाट आहे. पण सासूबाई अजूनही तेथे आल्या की भिंतीला हात लावतात आणि पाऊल उचलून टाकतात.

टाइलचा आणि कोट्याचा एकेक तुकडा मी पिशवीत आणला आहे. चहाच्या वेळी टेबलावर शेजारी शेजारी ठेवते. बोट फिरवून पाहा.